मुरमावरचा एक दिवस: रॅलीच्या शाळेबद्दल वाचकांचे प्रश्न

रॅलीत गाड्या खांद्याला खांदा लावून धावत नाहीत. रहदारीला बंद केलेल्या, बहुधा कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी ठरावीक वेळाने सोडायची आणि कोणाला किती सेकंद लागले ते मोजायचं. या रस्त्याच्या तुकड्याला स्टेज म्हणतात. हे चालवणं एका दिवसात चाखायला देणाऱ्या शाळांबद्दल मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यातली सात निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

धाकट्या भावाच्या तिसाव्या वाढदिवसाला आम्ही तिघी बहिणी मिळून त्याला रॅलीच्या शाळेतला एक दिवस भेट देणार आहोत. तीन माहितीपत्रकं मागवली. तिन्हींवर धूळ उडवणारी गाडी आणि ‘थरार’ हा शब्द. एकाने ‘पूर्ण दिवस’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘सहा सेशन’, तिसऱ्याने ‘वीस लॅप’. तुलना कशी करायची? (जालना)

ताई, तिन्ही पत्रकं बाजूला ठेवा आणि तिघांनाही फोन करून एकच विचारा: इंजिन चालू आहे, गाडी हलतेय आणि स्टेअरिंग आमच्या भावाच्या हातात आहे, अशी दिवसभरात एकूण किती मिनिटं?

वीस लॅप ऐकायला भरपूर वाटतात. शिकाऊंची वाट ८०० मीटरची धरा आणि नवख्याचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. एक फेरी ७२ सेकंदांत संपते, वीस फेऱ्या २४ मिनिटांत. ‘पूर्ण दिवसा’चंही गणित मांडून बघा. नऊ ते पाच म्हणजे आठ तास. पाऊण तास सुरुवातीची माहिती, पाऊण तास जेवण, चहाची दोनदा पंधरा मिनिटं. उरले सहा तास. त्यातला पाव हिस्सा माणसं बदलणं, पट्टे आवळणं, पेट्रोल भरणं आणि टायर बघणं यात जातो. म्हणजे एका गाडीमागे २७० मिनिटं राहिली. दोन गाड्या आणि आठ शिकाऊ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६७ मिनिटं येतात, एक गाडी आणि दहा शिकाऊ असतील तर २७. दोन्हीकडे फी तीच असू शकते. तासाच्या आसपास मिळत असतील तर दिवस सत्कारणी लागेल. चाळिसाच्या खाली असतील तर तो माळेगावच्या जत्रेतला पाळणा समजा. मजा येईल, पण हाती काही लागणार नाही.

हा तासही सलग नको. मुरमावर नवखा माणूस दहा-बारा मिनिटांत थकतो. थकतात ते हात नव्हेत, डोळे आणि डोकं. मग जुन्या सवयी परत येतात: वळणाच्या मधोमध ब्रेक, स्टेअरिंगला घट्ट मिठी, नजर बॉनेटच्या टोकावर. दहा-दहा मिनिटांचे सहा डाव आणि मधल्या वेळात शिक्षकाबरोबर उभं राहून इतरांची वळणं बघणं, ही मांडणी उत्तम. उभं कुठे करतात तेही विचारा. उत्तर ‘वळणाच्या आतल्या बाजूला, उंचवट्यावर’ असं आलं पाहिजे. गाडी सुटली की वळणाच्या बाहेर जाते, आणि बाहेरच्या बाजूला खुर्च्या मांडणाऱ्या शाळेला एवढंही कळत नसेल तर पुढचं विचारायची गरज नाही.

मग शिक्षक. तो शेजारच्या सीटवर बसणार की बाहेरून वॉकी-टॉकीवर सांगणार? शेजारी बसत असेल तर हेल्मेटमध्ये इंटरकॉम आहे का? रॅलीच्या गाडीतून गालिचा, छताचं अस्तर, दारांची गादी सगळं काढलेलं असतं. खडे पत्र्यावर गारांसारखे वाजतात. इंटरकॉम नसेल तर शिक्षक हातवारे करतो आणि शिकाऊ रस्ता सोडून त्याचा हात बघत बसतो. आणखी एक: शिक्षक स्पर्धेत उतरलेला असावा, पण नुसते करंडक बघू नका. उत्तम चालवणाऱ्याला ‘मी असं का केलं’ हे सांगता येतंच असं नाही. फोनवर सहज विचारा, ‘पुढची चाकं सरळ निघाली तर काय करायचं?’ दोन वाक्यांत कळेल असं उत्तर मिळालं तर माणूस शिकवणारा आहे.

दिवसाचा क्रमही विचारा. सकाळी प्लास्टिकचे शंकू (कोन) लावून त्यांच्यामधून नागमोडी, मग ठरलेल्या जागी थांबणं, मग ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणं, त्यानंतर हँडब्रेक, आणि दुपारनंतर हे सगळं जोडून एक छोटी स्टेज, असा क्रम बरोबर. शिक्षक स्वतः चालवून तुम्हाला शेजारी बसवतो ती फेरी शेवटी असावी. सकाळीच ती दाखवली की शिकाऊ दिवसभर त्या वेगाची नक्कल करत बसतात.

भेट म्हणून घेताय तर कूपनची मुदत, पावसामुळे दिवस रद्द झाला तर काय, आणि भावाची उंची-वजन एवढं आधी कळवा. रॅलीची बकेट सीट अंगाभोवती घट्ट बसणारी असते आणि मागे-पुढे फारशी सरकत नाही. सहा फुटांवरच्या माणसाचं हेल्मेट काही गाड्यांत छताखालच्या संरक्षक पाइपांना, म्हणजे रोल केजला, टेकतं.

मी शेंद्र्याच्या कारखान्यात बरीच वर्षं गाड्या जुळवल्या. एका शाळेत पोलो आहे, दुसरीत जुनी जिप्सी, तिसरी म्हणते आमच्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह. पहिल्यांदा कशात बसावं? (छत्रपती संभाजीनगर)

तुम्हाला एक गोष्ट लगेच पटेल. शेंद्र्यात २००१ पासून जुळवली गेलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आणि १९९९ मध्ये जागतिक रॅलीत उतरलेली ऑक्टाव्हिया डब्ल्यूआरसी यांचं नाव तेवढं एक. शेंद्र्याची पुढच्या चाकांवर चाले, रॅलीची चारही चाकांवर. पोलोचंही तेच. पोलो आर डब्ल्यूआरसीने २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं जागतिक विजेतेपद घेतलं ते चार चाकांच्या जोरावर. चाकणला बनलेली पोलो पुढच्या चाकांची आहे. तेव्हा ‘रॅली पोलो’ वाचून हुरळू नका आणि हिरमुसूही नका. पहिल्या दिवसासाठी पुढच्या चाकांची साधी, कमी ताकदीची गाडीच सगळ्यात चांगली. ती चूक लगेच दाखवते आणि फारशी शिक्षा करत नाही.

तिची नेहमीची खोड अंडरस्टीअर. वेग जास्त ठेवून वळणात शिरलात की नाक सरळ जातं. घाबरलेला माणूस स्टेअरिंग आणखी फिरवतो, आणि तिथेच फसतो. टायर आधीच घसरतोय. त्याला आणखी तिरका केला की तो खडे ढकलत नुसता नांगरतो. उपाय उलटा आहे: गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) थोडा सोडायचा, म्हणजे वजन पुढे येतं, आणि स्टेअरिंग किंचित सरळ करायचं. टायर पुन्हा चावला की हाताला कळतं, मग वळवा. शाळेत या एका गोष्टीवर अर्धा तास गेला तरी वाया गेला असं समजू नका. दिवसातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तेच.

पुढच्या चाकांची गाडी मागून सुटली, म्हणजे ओव्हरस्टीअर झाला, तर गॅस एकदम सोडू नये. सोडला की मागचं वजन आणखी हलकं होतं आणि गाडी गरकन फिरते. उलटं स्टेअरिंग आणि हलका गॅस दिला की पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांच्या गाडीत उलटं स्टेअरिंग तेच, पण गॅस हळूच कमी करायचा, कारण तिथे मागच्या चाकांना घसरवतोय तो गॅसच.

जिप्सी टू-व्हीलवर ठेवली की मागची चाकं ओढतात, त्यामुळे मागून सुटणारी गाडी शिकायला ती छान. पण ती उंच आहे, पाट्यांच्या सस्पेन्शनवर उभी आहे, आणि आडवी घसरत जाऊन चाक चाकोरीत अडकलं तर कलंडते. जिप्सीत शिकवणार असतील तर वाट सपाट आहे, कडेला चर नाही आणि गाडीत रोल केज आहे, याची खात्री करा. फोर-व्हील-ड्राइव्ह दुसऱ्या खेपेला ठेवा. तिची पकड इतकी असते की पहिल्या दिवशी चुका झाकल्या जातात, आणि जी झाकली जात नाही ती मोठ्या वेगात उघडी पडते.

हँडब्रेकच्या वळणाची सगळ्यांना घाई असते. खऱ्या स्टेजवर ते फक्त आवळ हेअरपिनपुरतं, म्हणजे यू आकाराच्या वळणापुरतं लागतं. कृती अशी: दुसऱ्या गिअरमध्ये या, वेग उतरवा, आधी स्टेअरिंग वळवा, क्लच दाबा, बटण अंगठ्याने दाबून धरा, हँडब्रेक झटक्यात ओढा, मागची बाजू सुटली की तितक्याच झटक्यात सोडा, क्लच सोडत गॅस द्या. नवख्यांच्या तीन चुका ठरलेल्या. स्टेअरिंग वळवण्याआधीच ओढतात, मग गाडी मागची चाकं जाम करून सरळच जाते. बटण सोडून देतात, मग लीव्हर दातऱ्यात अडकून वरच राहतो. क्लच विसरतात, मग इंजिन बंद. केबल सैल असेल तर मात्र तुमचा दोष नाही. पूर्ण ओढूनही चाक जाम होत नसेल तर शिक्षकाला सांगा आणि केबल आवळून घ्या. बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत हा धडा होतच नाही.

मी शिक्षिका आहे, वय ५४. तरुणपणी जीप चालवली आहे. घरचे म्हणतात हे तुझं वय नाही. पाठीचं दुखणं जुनं आहे. सुरक्षेचं साहित्य खरं की नुसतं दिखाऊ, हे आपल्यासारख्याने कसं ओळखावं? (अंबाजोगाई)

बाई, वय आड येत नाही. चालू वाहन परवाना आणि धड प्रकृती एवढं पुरतं. पाठीचं मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मणक्यातली चकती सरकलेली असेल तर नको. कच्च्या रस्त्यावरचे दणके थेट माकडहाडात येतात आणि बकेट सीटमध्ये अंग सैल सोडायला जागा नसते. मानेचं दुखणं, नुकती झालेली शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब यांनाही तोच नियम.

साहित्य ओळखणं अवघड नाही. पट्ट्यापासून सुरुवात करा. रॅलीचा हार्नेस म्हणजे खांद्यावरून दोन, कमरेला दोन आणि मांड्यांमधून एक किंवा दोन पट्टे, सगळे पोटासमोर एका गोल बकलात अडकतात. पट्ट्याला शिवलेली कापडी चिठ्ठी शोधा. त्यावर एफआयएचं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक महासंघाचं, मानक आणि कुठल्या वर्षापर्यंत वैध ते छापलेलं असतं. ते वर्ष उलटलेलं असेल, चिठ्ठी कापून टाकलेली असेल किंवा पट्ट्याची कड पिंजलेली असेल, तर त्या गाडीत बसू नका. ऊन आणि धुळीने धाग्याचा जीव जातो; वरून पट्टा नवा दिसतो.

बांधताना आधी कमरेचा. तो पोटावर नको, खाली ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर असेल तर धक्क्यात आतड्यांना इजा होते. तो खाली खेचून घट्ट केला की मग मांड्यांमधला, आणि शेवटी खांद्यांचे. उलट क्रमाने बांधलं की खांद्याचे पट्टे बकलाला वर ओढतात आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जेमतेम सरकावीत, मूठ नाही. मग स्वतःच्या हाताने एकदा बकल फिरवून उघडून बघा. डोळे मिटून उघडता आलं पाहिजे.

आता हेल्मेट आणि हान्स. हान्स ही खांद्यांवर बसणारी कडक चौकट. हेल्मेट तिला दोन छोट्या पट्ट्यांनी जोडलेलं असतं. आपल्या रोजच्या गाडीचा पट्टा धडाला थोडं पुढे जाऊ देतो. रॅलीचा हार्नेस धडाला सीटला खिळवून टाकतो आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा झटका मानेवर आणि कवटीच्या तळावर येतो. म्हणून हार्नेस आहे पण हान्स नाही, अशी गाडी अर्धवट सजवलेली समजा. तिथे वेग अगदी कमी ठेवणार असतील तरच बसा. रोल केजचंही तसंच. पाइप गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंगने किंवा जाड प्लेट-बोल्टने धरलेले हवेत, आणि डोक्याजवळच्या पाइपावर कडक फोमचं आवरण हवं. मऊ स्पंज दिखाऊ असतो, तो एका दणक्यात चेपतो. हेल्मेट मोटरसायकलचं नको. गाडीच्या हेल्मेटला आतून एफआयए किंवा स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं ‘एसए’ मानक छापलेलं असतं, आणि त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही.

अग्निशामक नळकांडं हाताला येईल असं, धातूच्या पट्टीने आवळलेलं असावं. प्लास्टिकच्या क्लिपमधलं गाडी उलटली की डोक्यात बसतं. शेवटी एक साधा प्रश्न: रुग्णवाहिका जागेवर उभी असते की बोलावल्यावर येते? ‘बोलावल्यावर’ म्हणाले तर जवळचं अपघात उपचाराचं रुग्णालय किती मिनिटांवर, ते विचारा आणि मग ठरवा.

घरच्यांना हे सगळं वाचून दाखवा. त्यांची भीती थोडी वाढेल, पण निदान योग्य गोष्टीची वाढेल.

‘दिवसभराचा अनुभव’ म्हणून पैसे भरले. प्रत्यक्षात अकरा मिनिटं गाडी मिळाली. संध्याकाळी क्लच जळाला म्हणून वेगळं बिल हातात दिलं. आम्ही नऊ जण एकाच गाडीवर होतो. आता काय? (बीड)

नऊ जणांनी एकामागोमाग चालवलेल्या गाडीचा क्लच नेमका तुम्हीच जाळला, हे सिद्ध करणं शाळेला अवघड आहे. क्लच एका चुकीने क्वचित जळतो. अर्धा दाबून धरलेला पेडल, कोनांच्या मधून अर्ध्या क्लचवर सरपटणं, उभ्या जागेवरून गॅस वाढवून पुन्हा पुन्हा सोडणं यांनी तो तापत जातो. जळका वास आधी बराच वेळ येतो, आणि तो आल्यावर गाडी थांबवून थंड करणं हे शेजारी बसलेल्या शिक्षकाचं काम आहे.

तुम्ही सही केलेला कागद काढा. त्यात ‘नुकसानभरपाई’चं कलम आहे का, कमाल रक्कम दिली आहे का, आणि ‘झीज’ आणि ‘नुकसान’ वेगळं केलं आहे का, बघा. पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचा फोटो आणि बिल जोडून आधी शाळेला लेखी कळवा, उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवा जाहिरातीप्रमाणे मिळाली नाही, हा तिथला मुद्दा; मिनिटांचा हिशोब तिथे उपयोगी पडेल. बरोबरच्या आठ जणांनीही आपापली मिनिटं लिहून दिली तर फारच बरं.

इतर वाचकांसाठी: पैसे भरण्याआधी ‘टायर, क्लच, ब्रेक ही झीज शाळेची, बाकी नुकसान अमुक रकमेपर्यंत शिकाऊचं’ एवढी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या. चांगली शाळा ती न मागता देते.

शाळा लांब आहेत. आमच्या शेताकडं जाणारी दोन किलोमीटरची पांदण आहे, मुरूम टाकलेला. स्वतःच्या स्विफ्टवर तिथंच सराव केला तर? (परभणी)

नको. कारणं बरीच आहेत, पहिलं कायद्याचं. लोकांना जायला-यायला मोकळा असलेला कुठलाही रस्ता कायद्याने सार्वजनिक जागा ठरतो, पांदणसुद्धा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तिथे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरं विम्याचं. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम असतं. त्यात शर्यत, वेगचाचणी, टिकाऊपणाची चाचणी वगळलेली असते. गाडी उलटली तर खर्च तुमचा.

आणि ती पांदण डोळ्यासमोर आणा. कडेला कठडा नसलेली विहीर, बांधावरचा विजेचा खांब, उसातून अचानक बाहेर येणारी ट्रॅक्टर-ट्रॉली, शाळेतून सायकलवर येणारी पोरं. रॅलीची स्टेज बंद करायला दर फाट्यावर माणूस उभा करतात, त्याला कारण आहे.

गाडीही त्या कामाची नाही. इंजिनाच्या पोटाखाली ऑइलचा सम्प असतो. रॅलीच्या गाडीला त्याखाली जाड धातूचा सम्प गार्ड बसवतात, तुमच्या स्विफ्टला तो नाही. काळ्या दगडाचा एक टोकदार धोंडा वर आला, सम्प फुटला, ऑइल सांडलं, लाल दिवा लागला तरी माणूस दोनशे मीटर चालवतो, आणि इंजिन जाम होतं. रस्त्याच्या टायरची बाजूची भिंत पातळ. तीच आधी फाटते.

शिवाय एबीएस. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे आणि डांबरावर ते हवंच. सुट्या मुरमावर मात्र जाम झालेलं चाक आपल्यासमोर खड्यांचा छोटा ढीग जमवतं आणि त्यावर अडून गाडी थांबते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून तो ढीग जमत नाही आणि गाडी लांबपर्यंत जाते. रॅलीच्या गाड्यांत ते बंद केलेलं असतं. पांदणीवर तुम्ही शिकलेलं ब्रेकिंग शाळेच्या गाडीत लागू पडणार नाही, आणि उलटंही.

सराव करायचाच तर गाडी न हलवता करा. पाठ सीटला टेकवून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा; खांदा न उचलता टेकलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहावा. हात पावणेतीनच्या काट्यांसारखे, अंगठे स्टेअरिंगच्या आत गुंडाळलेले नकोत. दगडावर चाक आपटलं की स्टेअरिंग झटका मारतं आणि अंगठा मुरगळतो. या तीन सवयी घेऊन गेलात तर शाळेतली पहिली पंधरा मिनिटं वाचतील.

एक इशारा. पावसाळ्यात रिकाम्या काळ्या रानात ‘चिखलात मजा’ करायचा बेत कुणी काढला तर सामील होऊ नका. ओली काळी माती टायरच्या खोबणीत भरते, चाकाच्या कमानीत थापली जाते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि चाक भेगेत उतरतं. घसरणं शिकायला दाबलेला मुरूम लागतो.

दिवस कुठल्या महिन्यात ठरवावा? काय घालावं, काय खावं? (लातूर)

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पाऊस सरल्यावर मुरमात थोडी ओल असते, धूळ बसलेली राहते आणि पकड सारखी मिळते. मे महिन्यात ४२ अंशांत बंद गाडीत, एसी काढलेला, हेल्मेट घातलेलं, नको. धुळीचं एक लक्षात ठेवा: पुढची गाडी गेल्यावर धूळ बसेपर्यंत दुसरी सोडता कामा नये. शाळा घाई करत असेल तर तुम्ही नकार द्या, धुळीत वळण दिसत नाही.

सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट. जाड तळाच्या बुटांतून पेडल कळत नाही, चपला चालणार नाहीत. ओढणी, उपरणं, गळ्यातली साखळी गाडीबाहेर. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा. हेल्मेटखाली घालायला स्वतःची सुती टोपी न्या, दहा जणांच्या घामाचं हेल्मेट असतं ते. सकाळी दोन केळी किंवा अर्धी भाकरी आणि वरण, दिवसभर मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक. मसालेदार रस्सा रात्रीसाठी ठेवा. शेजारच्या सीटवर खाली बघून वाचायचा प्रसंग आला तर रिकामं पोटही त्रास देतं आणि भरलेलंही.

फेऱ्यांचे सेकंद एकमेकांशी ताडू नका. सकाळी पहिला जाणारा सगळे सुटे खडे झाडत जातो. दहाव्याला खालचा कडक पट्टा आयता मिळतो.

आणि त्याच संध्याकाळी महामार्गावरून लातूरच्या दिशेने निघू नका. दिवसभर घसरणाऱ्या गाडीत बसलेल्या डोक्याला ताशी १०० हा वेग संथ वाटतो. रात्री मुक्काम करा.

एक दिवस झाला, आवडलं. पुढे काय? खर्च झेपेल असं काही? (हिंगोली)

दोन वाटा आहेत. वेगाच्या रॅलीत उतरायचं तर भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना काढावा लागतो आणि रोल केजपासून हान्सपर्यंतची गाडी तयार करावी लागते. खर्च तिथेच वाढतो. नाशिक हे आपल्या राज्यातलं रॅलीचं जुनं ठिकाण. एखादी रॅली आधी प्रेक्षक म्हणून बघा, किंवा मार्शल, म्हणजे स्टेज राखणारा माणूस, म्हणून काम मागा. स्टेजवर दिवसभर उभं राहिलं की बरंच कळतं, तेही फुकट.

दुसरी वाट टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतराची रॅली. साधी गाडी, उघडा रस्ता, रहदारीचे सगळे नियम पाळून ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने जायचं. उशिरा पोचलात तरी दंड, लवकर पोचलात तरी दंड, सेकंदांत. ड्रायव्हरइतकंच काम शेजारच्या नेव्हिगेटरचं: मार्गपुस्तकातलं अंतर ओडोमीटरशी ताडणं, गणित करणं, वळण चुकू न देणं. आकडेमोडीत हुशार असलेली बहीण किंवा मित्र शोधा आणि विम्याच्या पॉलिसीतलं ते ‘चाचणी’चं कलम या रॅलीला लागू होतं का, ते एजंटकडून लेखी घ्या.

पुन्हा शाळेत जाणार असाल तर दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ को-ड्रायव्हरच्या सीटवर मागून घ्या आणि पेस नोट्स, म्हणजे पुढच्या रस्त्याच्या नोंदी, ड्रायव्हरला वाचून दाखवा. ‘डावं चार, शंभर, उजवं तीन, पुढे आवळतं’ अशी ती भाषा असते. शंभर म्हणजे मधलं अंतर मीटरमध्ये. डाव्या-उजव्यानंतरचा आकडा वळण किती आवळ आहे ते सांगतो, पण काहींच्या पद्धतीत १ सगळ्यात आवळ असतं आणि काहींच्या पद्धतीत सगळ्यात मोकळं. गाडीत बसण्याआधी एवढं नक्की विचारून घ्या.